आईने वाचवलेले कान

बायांनो, भावांनो, मागे उभे राहू नका. पुढे या. सतरंजीवर अजून जागा आहे. इंदूमावशी, तुम्ही इथे समोर बसा, माझं तोंड दिसेल अशा. मी मान खाली घालून बोलणार नाही. इथे जमलेल्या निम्म्याअधिक बाया माझं बोलणं कानांनी नाही, ओठांवरून ऐकणार आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणून सावकाश बोलतो. मध्येच थांबलो, तर समजून घ्या.

मी बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवणारा माणूस. चारचौघांत बोलायचं काम आमच्या घरात आईचं. मी तिच्या मागे उभा राहायचो. आज तिच्या जागेवर उभा आहे आणि ती समोर नाही, मागे नाही, कुठेच नाही. सकाळपासून मनात वाक्यं जुळवत होतो. 'माझी आई होती' हे पहिलंच वाक्य जमत नाही. 'आहे' असंच तोंडात येतं.

तुमच्यापैकी कुणी तिला यमुनाबाई म्हणायचं, कुणी यमुनाताई. गफूर मास्तर बहनजी म्हणतात. मालक लोक तिला 'बहिरी' म्हणायचे. बहिरी आली, दार लावून घ्या. तिला ते ओठांवरून बरोबर कळायचं. हसायची. म्हणायची, "दार लावतात म्हंजे घाबरतात."

आम्ही अंबाडीच्या पुढचे. भातशेतीवाले. मी लहान असताना वडील तापाने गेले. आई मला घेऊन भिवंडीत मामाकडे आली आणि कांडी भरायला लागली. धोट्यात बसणारी सुताची कांडी. तुम्हाला काय सांगायचं, तुमची बोटं आयुष्यभर त्याच्यावरच झिजली. मशीनवर बसायचं आणि कांड्या भरायच्या. पाठीशी खडखडणाऱ्या लूमांची, यंत्रमागांची ओळ. सकाळी शेडमध्ये शिरलं की बोलणं बंद, हातवारे सुरू.

एकदा भावकीतल्या लग्नाला आम्ही गावी गेलो होतो. पहाटे सगळे उठले. आत्या म्हणाली, "कोंबडा आरवला, चला." आई म्हणाली, "कुठं आरवला?" आत्या म्हणाली, "अगो, हा काय दारात आरवतोय." आई दारात गेली. कोंबडा समोर कौलावर होता. मान ताणत होता, चोच उघडत होता. आई त्याच्याकडे बघत उभी राहिली. मी तिच्याजवळ होतो. लग्नभर ती कुणाशी फारसं बोलली नाही.

भिवंडीत परत आलो, तर मामाने माझं काम ठरवून ठेवलेलं. ते कामाला होते त्याच शेडमध्ये. उद्यापासून ये म्हणाले. आई म्हणाली, "वसंता शेडमध्ये पाय ठेवायचा न्हाय."

मामा म्हणाले, "मग काय करंल तो? कलेक्टर होईल?"

"काय पण करंल. कान लागतील असं काम करंल."

मामांना ते वेडाचं वाटलं. मलाही वाटलं. सगळ्यांची पोरं शेडमध्ये जात होती, मला का नाही? दुसऱ्या दिवशी तिने मला हाताला धरून बाजारात नेलं. बँडच्या दुकानाबाहेर गफूर मास्तर क्लॅरिओनेट पुसत बसलेले. मास्तर आज इथे आहेत, ते सांगतील. आई त्यांना म्हणाली, "याला शिकवा."

मास्तरांनी विचारलं, "बहनजी, इसका कान कैसा है?"

आई म्हणाली, "चांगला हाय. तेवढंच हाय त्याच्याकडं."

असं माझं शिक्षण सुरू झालं. लोक म्हणतात, घरात गाणं असावं लागतं. आमच्या घरात गाणं नव्हतं. आईला दोन ओळी सुरात म्हणता येत नव्हत्या. घरात फक्त एक बाई होती. तिचं काय हरवलंय ते तिला कळलं होतं, आणि माझं ती हरवू देणार नव्हती.

मग दंगल झाली. सत्तर सालची. तिच्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. इथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरात तिची राख आहे. बँड बंद पडला. दुकानाची फळी जळली. मास्तर घरच्या माणसांना घेऊन कल्याणला नातेवाइकांकडे गेले, ते परत येईनात. आईने वाट पाहिली. मग एके दिवशी मला म्हणाली, "चप्पल घाल." एसटी अजून सुरळीत नव्हती. आम्ही चालत निघालो. कोन गाव ओलांडलं, खाडी ओलांडली, विचारत विचारत मास्तरांच्या दारात पोचलो. लोक वळून वळून बघत होते. त्या दिवसांत त्या गल्लीत लुगडं नेसलेली बाई कोण जातेय?

मास्तर म्हणाले, "बहनजी, अब वहाँ क्या रखा है?"

आईचं हिंदी तुम्हाला माहीत आहे. म्हणाली, "मेरे पोरगे का शिक्षण अर्धा रखा है. चलो."

मास्तर हसले. मग ओंजळीत तोंड धरून रडले. त्या दिवशी आले नाहीत, पण महिना संपायच्या आत आले. मास्तर, मान खाली घालू नका. तिने तुम्हाला आणलं आणि तुम्ही आलात. दोन्ही गोष्टी मोठ्या होत्या.

तोवर आई पुढारी वगैरे नव्हती. झेंडा नाही, संघटना नाही. तिला बाहेर काढलं ते शेवंताने. बारकूदादांच्या लेकीने.

बारकूदादा, मी बोलू ना? बरं.

शेवंता आईच्या शेजारच्या मशीनवर बसायची. लग्न ठरलेलं. केस लांब होते, वेणी पाठीवर असायची. शाफ्टवरून लूमकडे जाणारे चामड्याचे पट्टे तेव्हा उघडे असायचे. ती पडलेली कांडी उचलायला वाकली आणि वेणी पट्ट्यात गेली. पुढचं मी सांगणार नाही. आईने पट्टा सोडवेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या दिवशी आई घरी आली, तेव्हा मी दारात वाजवत बसलो होतो. तिने माझ्या हातातलं वाद्य काढून बाजूला ठेवलं आणि माझं डोकं दोन्ही हातांनी चाचपलं. केसांतून बोटं फिरवली. बराच वेळ.

शेठने सांगितलं, ती पोरगी कामाला नव्हतीच. कुणाचा तरी डबा द्यायला आली होती. शेडमधल्या सगळ्यांनी तेच सांगितलं. मी त्यांना दोष देत नाही, पोटं होती त्यांची. आई एकटी म्हणाली, "माझ्या शेजारी बसायची. कामाला होती."

प्रकरण कोर्टात गेलं. मी आईबरोबर होतो. शेठच्या वकिलाला कुणीतरी सांगून ठेवलेलं असणार. तो आईकडे पाठ करून, कागदांत बघत, अगदी हळू बोलला, "बाई, तुमचं नाव काय?" आई गप्प. त्याने परत विचारलं. आई गप्प. मग तो न्यायाधीशांकडे वळून म्हणाला, "साहेब, या बाईला स्वतःचं नाव विचारलेलं ऐकू येत नाही. आणि ही म्हणते, पोरगी किंचाळली तेव्हा हिने वळून पाहिलं."

मग प्रश्न आईच्या समोर येऊन मोठ्याने विचारण्यात आला. ऐकू येत नाही तर किंचाळी कशी ऐकली?

आई म्हणाली, "मी ऐकली म्हटलंच न्हाय. मी बघितली."

"किंचाळी बघितली?"

कोर्टात लोक हसले. खरंच हसले हो.

आई म्हणाली, "तोंड उघडं होतं तिचं. माझ्याकडं बघत होती. मला ऐकू आलं न्हाय. म्हणून तर मी उशिरा उठले."

मग कुणी हसलं नाही. पण केस गेली. साक्षीदार बहिरी, भरवसा ठेवता येत नाही. बारकूदादा कोर्टाच्या पायरीवर बसले होते. आई त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मी घरी जाताना तिला चिडून म्हणालो, "ऐकलं म्हणायचं होतंस. एवढं एक खोटं बोलली असतीस तर?" ती म्हणाली, "जेवढं बघितलं तेवढंच सांगायचं असतं रं. एक खोटं मिसळलं की तिचं मरण पण खोटं होतं."

त्यानंतर त्या गल्लीत एकाही शेडमध्ये तिला काम मिळालं नाही. अंजूरला लावणीला जायची, कापणीला जायची, लोकांच्या शेतावर. आणि संध्याकाळी परत येऊन शेडच्या दारांवर उभी राहायची. सुटणाऱ्या बायांना एकच सांगायची, पट्ट्याला जाळी लावेपर्यंत मशीनवर बसू नका. आधी बाया तिला टाळून जायच्या. मग इंदूमावशी थांबल्या. मग आणखी दोघी. एक दिवस अख्ख्या गल्लीतल्या बाया रस्त्यावर बसल्या आणि शेडमध्ये भरलेली कांडी उरली नाही. लूम आपोआप थांबले. आज तुमच्या शेडमध्ये पट्ट्याला जाळी दिसते ना? ती कोर्टाने लावलेली नाही. आणि शेवंताला ती मिळाली नाही.

त्याच सुमारास त्याच शेठच्या मुलीचं लग्न निघालं. वरातीचं काम आमच्या बँडला आलं. मी म्हणालो, मी वाजवणार नाही. काही बायांचं ठरलं होतं, वरात अडवायची. आईने दोन्ही मोडून काढलं. मला म्हणाली, "पोरीनं काय केलंय? तिचं एकदाच लगीन होणार. नीट वाजव." मी गेलो. वाजवलं. वरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली, तेव्हा आई बायांना घेऊन कडेला उभी होती. शेठने मान फिरवली. आईने नवरीकडे बघून कानशिलावर कडकड बोटं मोडली, तिची दृष्ट काढली.

आता शेवटचं सांगतो. हे सांगायला मला जड जातंय.

जाळ्या लागल्या आणि आई म्हणाली, आता कान. ती कारखान्यांची तपासणी करणाऱ्या साहेबांकडे गेली, मीही गेलो. म्हणाली, लूमच्या आवाजाने बाया बहिऱ्या होतायत. साहेब म्हणाले, "बाई, दुखापत असेल तर दाखवा. जखम दाखवा. रक्त कुठे आहे?"

आई म्हणाली, "रक्त निघत न्हाय, म्हणून तर तुमच्याकडं आले."

साहेब म्हणाले, दिसत नाही त्याचं मी काय लिहू?

घरी आल्यावर आई म्हणाली, "वसंता, तुझं ते सगळ्यात खालचं कुठलं, आणि सगळ्यात वरचं कुठलं?" मी वाजवून दाखवलं. खालचा स्वर वाजवला, तिने मान हलवली. वर चढत गेलो. मध्येच म्हणाली, "का थांबलास?" मी थांबलो नव्हतो. मी वाजवतच होतो. माझ्या बोटांकडे बघून तिला ते कळलं. बायांनो, इतकी वर्षं मी त्या घरात रियाज केला. ती समोर बसून भाकऱ्या थापायची, मान डोलवायची. माझं अर्धं वाजवणं तिच्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं.

रडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "हेच दाखवू."

तुम्हाला तो रविवार आठवतो. याच मैदानात. तुम्ही सगळ्या माझ्याकडे पाठ करून बसलात. आईने सांगितलं, ऐकू येतंय तोवर हात वर ठेवायचा, यायचं थांबलं की खाली. तीही तुमच्यात बसली. मी लांब उभा राहून हळू फुंकायला लागलो. खालचा स्वर. सगळे हात वर. मी एकेक स्वर चढलो आणि हात खाली यायला लागले.

आधी आईचा आला. मग जुन्या बायांचे. वाऱ्याने भात आडवं व्हावं तसे. मला वाटलं, तरण्या मुलींचे तरी राहतील. काल-परवा कामाला लागलेल्या मुली. त्यांचेही आले. मी वर चढत होतो आणि माझ्यासमोर तुमच्या पाठी होत्या, आणि हात नव्हते. शेवटच्या स्वराला शाळेतल्या मास्तरीणबाईंचा आणि बायांबरोबर आलेल्या पोरांचे, एवढेच हात वर होते. मी आयुष्यात कितीतरी लग्नांत वाजवलं, मर्तिकांत वाजवलं. त्या दिवशी वाजवलं तसं मला पुन्हा वाजवता येणार नाही.

साहेबांना बोलावलं होतं. ते आले नाहीत. आई म्हणाली, "तो येत न्हाय तर आपण त्याच्या दारात बसू. तिथं वाजव." ठाण्याला जायचं ठरलं. कोनच्या बायांनाही सांगायचं म्हणून आम्ही दोघं त्या दिवशी दुपारी कोनला गेलो.

काम झालं. परत निघालो. मी नळावर पाणी प्यायला थांबलो. ती पुढे गेली. तिला सवयच होती, थांबणं माहीत नव्हतं. मी ओंजळीत पाणी धरलं आणि मागून ट्रकचा हॉर्न ऐकला. लांब, कर्कश, वरच्या पट्टीतला हॉर्न. परत एकदा. परत. मी मान वर केली. कडेला खड्डा होता, तो चुकवायला ती रस्त्यात आली होती. पाठ माझ्याकडे, पाठ ट्रककडे. मी ओरडलो, "आई!" माझा आवाज तसा मोठा आहे. नळावरच्या सगळ्या बाया वळल्या. ती वळली नाही.

...

हं. बोलतो.

मी पोचलो तेव्हा काही उरलं नव्हतं. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. आणि मागे गलका झाला. लोकांनी ड्रायव्हरला खाली ओढलं होतं. परमुलखातला पोरगा, माझ्याच वयाचा. कुणाच्या हातात दगड, कुणाच्या हातात ट्रकचाच लोखंडी दांडा. कुणीतरी ओरडलं, "हा कुठला, कुठल्या जातीचा, विचारा आधी." हे शब्द या गावाने आधी ऐकलेत. त्यांच्या मागून काय येतं, ते आपण बघितलंय.

मी आईचं डोकं खाली ठेवलं. रस्त्यावर. माझा शर्ट काढून त्याच्याखाली घातला आणि उठलो. मध्ये शिरलो. म्हणालो, "हॉर्न वाजवला त्याने. मी ऐकलाय. परत परत वाजवला."

एकजण मला म्हणाला, "अरे, तुझी आई मेली आणि तू याची बाजू घेतोस?"

मी म्हणालो, "बाजू नाही घेत. ऐकलं ते सांगतो."

चौकीतही मी तेच लिहून दिलं. तो पोरगा भिंतीला टेकून रडत होता. "भाई, मैंने बहुत हॉर्न मारा. अम्मा ने सुना क्यों नहीं?" मी त्याला सांगू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी शेठ घरी आले. हार घेऊन. म्हणाले, नशिबापुढे कुणाचं चालतं? आजच्या सभेला खुर्च्या आणि माईक पाठवतो म्हणाले. तुम्ही नको म्हणालात, म्हणून आपण सतरंज्यांवर बसलो आहोत. मी तेव्हा शेठना काही बोललो नाही, घरात प्रेत होतं. आज बोलतो. शेठ, ते नशीब नव्हतं. ते तुमच्या शेडमधून आलं होतं. वर्षानुवर्षं हळूहळू येत होतं. कोनच्या रस्त्यावर ते फक्त पोचलं.

आणि तुम्हाला सांगतो, मला तिच्यावर रागही येतो. घरी आलो की मी वाजवतो आणि मला सगळं ऐकू येतं. पार वरचं. शेजारच्या खोलीतलं. नळाचं टपटपणं. माझ्याकडे एवढं ठेवून ती गेली आणि या कानांचं काय करायचं, ते आता मलाच ठरवायचंय.

काहींनी सांगितलं, वसंता, आज आईसाठी वाजव. नाही. आज नाही वाजवणार. ठाण्याला साहेबांच्या दारात वाजवीन. ठरलं होतं त्याच दिवशी जाऊ. ज्यांना यायचंय त्यांनी या. ज्यांना भीती वाटते त्यांनी नका येऊ, आई कुणावर रागावली नसती. पण आपल्या मुलींना शेडमध्ये पाठवण्याआधी एकदा माझ्याकडे पाठ करून बसवा. एवढंच मागतो.

शोकसभेत शेवटी उभं राहून शांतता पाळायची असते. उभे राहा. शांतता मी मागत नाही, कारण भिवंडीत ती मिळत नाही. पलीकडच्या गल्लीतले लूम आत्ताही चालू आहेत. ज्यांना तो आवाज ऐकू येतोय, त्यांनी तो नीट ऐका. ज्यांना येत नाही, त्यांचा हात शेजारच्यांनी धरा. मी हात वर करेन तेव्हा सोडा.

उभे राहा.